रिपोर्ट सोपा करा, पण अंगाच्या दिशा मोडू नका

हल्ली रिपोर्ट थेट मोबाईलवर येतो. डॉक्टरने बघायच्या आधी पेशंट बघतो, घरचे बघतात, आणि 'मीडियल', 'लॅटरल', 'पोस्टेरियर', 'डिस्टल' असले शब्द वाचून सगळ्यांचंच डोकं गरगरायला लागतं. त्यातून एक मागणी जोर धरतीये की हे लॅटिन-ग्रीक बंद करा, सरळ वर-खाली-पुढे-मागे लिहा, आजार आमचा आहे तर तो आम्हाला कळू द्या. त्यावर डॉक्टर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की शास्त्राला शास्त्राची भाषा लागते, सोपी करायला गेलं की अचूकपणा जातो. हा वाद वाचताना मला राहून राहून वाटतं की दोन्हीकडचे लोक भलत्याच जागी जोर लावतायत. शब्द लॅटिन असावा की मराठी हा मुद्दा दुय्यम आहे. मुख्य मुद्दा हा, की डावं-उजवं, वर-खाली, आत-बाहेर हे कुणाच्या अंगावरून आणि अंग कसं ठेवलंय असं धरून मोजायचं. ते कायम पेशंटच्याच अंगावरून आणि एकाच ठरलेल्या स्थितीतून मोजायचं, हा नियम जर टिकला तर शब्द खुशाल बदला, मला आनंदच होईल. पण सोपेपणाच्या नावाखाली तो नियमच गेला तर रिपोर्ट वाचायला सोपा होईल आणि वापरायला धोक्याचा.

एक अगदी रोजचं वाक्य घ्या, 'गुडघ्याच्या आत दुखतंय'. मराठी माणसाला यात काहीच अवघड वाटत नाही. पण 'आत' म्हणजे नेमकं कुठे? सांध्याच्या पोटात, खोलवर, की दुसऱ्या गुडघ्याकडे तोंड करून असलेली जी आतली बाजू असते तिथे? सांध्याच्या खोलवर दुखतंय म्हटलं तर कूर्चा झिजलीये का, मधला क्रूशिएट लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) फाटलाय का असा विचार सुरू होतो. आतल्या बाजूला दुखतंय म्हटलं तर मीडियल मेनिस्कस (आतल्या बाजूची कूर्चेची गादी) किंवा मीडियल कोलॅटरल लिगामेंट डोळ्यासमोर येतो. तपासण्याची पद्धत वेगळी, दाबून बघायची जागा वेगळी, पुढची वाटही वेगळी असू शकते. शरीरशास्त्रात या दोन 'आत'साठी दोन वेगळे शब्द आहेत, खोल असलेल्याला 'डीप', आणि शरीराच्या मध्यरेषेकडच्या बाजूला 'मीडियल'. तसंच 'गुडघ्याच्या वर लागलंय' याचं. गुडघ्यावरच खरचटलंय की गुडघा सोडून मांडीकडे? बोलताना आपण बोट दाखवतो म्हणून भागतं. फोनवर, कागदावर, एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात जाणाऱ्या चिठ्ठीवर बोट कुठून दाखवणार?

आता 'वर' आणि 'खाली' हे शब्द बघा. माणूस उभा असताना वर म्हणजे डोक्याकडे. तोच माणूस पाठीवर झोपला की वर म्हणजे छताकडे, म्हणजे त्याची बेंबी 'वर' आणि पाठ 'खाली'. पालथा झाला की उलट. आयसीयूमधला पेशंट दिवसातून अनेकदा कुशीवर वळवला जातो, ऑपरेशन टेबलावर कुणाचं डोकं खाली पाय वर असं केलेलं असतं, अपघातातला माणूस गाडीत कसाही अडकलेला असतो. प्रत्येक वेळी बघणाऱ्याने आपल्या सोयीने वर-खाली म्हटलं तर एकाच जखमेचं वर्णन चार तासांत चार वेळा बदलेल. म्हणून शरीरशास्त्राने एक स्थिती ठरवून टाकलीये: माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात अंगालगत सोडलेले, तळवे समोर, पावलं समोर. खरा माणूस कसाही पडलेला असो, जिवंत असो नाहीतर मेलेला, वर्णन करताना तो असाच उभा आहे असं धरायचं. तळवे समोर का, असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण असं कुणी उभं राहत नाही. त्याला कारण आहे. तळवा मागे वळवला की कोपरापुढची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, एकमेकांवरून फुली मारल्यासारखी जातात. तळवा समोर केला की दोन्ही शेजारीशेजारी समांतर येतात आणि वर्णन करणं सोपं जातं.

डाव्या-उजव्याचं तर याहून नाजूक आहे. स्वतःच्या पोटाचा सीटी स्कॅन पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकतो, कारण लिव्हर उजवीकडे असतं असं शाळेत शिकलेलं असतं आणि चित्रात ते डावीकडे दिसतं. काही बिघडलेलं नसतं. सीटीचं आडवं चित्र पेशंट पाठीवर झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय असं दाखवायची पद्धत आहे, त्यामुळे पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. छातीचा एक्स-रे पण समोरासमोर उभं राहिल्यासारखा लावतात. म्हणून त्या फिल्मवर आर किंवा एल अशी खूण लागते, आणि ती पेशंटची बाजू सांगते, बघणाऱ्याची नाही. ही खूण नसेल आणि हृदय पेशंटच्या उजवीकडे आल्यासारखं दिसत असेल तर तुम्ही काय समजणार? फिल्म उलटी लागलीये, की या माणसाचे अवयव खरंच उलट बाजूला आहेत? तशी माणसं असतात, साधारण दहा हजारांत एक, आणि त्यांच्यात अपेंडिक्सचं दुखणं डावीकडे येऊ शकतं. नुसतं चित्र बघून याचा निकाल लागत नाही, खूणच लागते. आता यात मोबाईलची भर पडलीये. अंगावर पुरळ आलंय, पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढून डॉक्टरला पाठवला, आणि काही फोनमध्ये हा फोटो आरशासारखा उलटा सेव्ह होतो तर काहींमध्ये सरळ. फोटोसोबत 'माझ्या डाव्या गालावर' एवढे तीन शब्द लिहिलेले नसले तर बघणाऱ्याला कळणार कसं?

याच्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा आधी मान्य करतो. कठीण भाषा ही मोठा काळ कुंपण म्हणूनच वापरली गेलीये. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे नावाचा सर्जन होता, त्याला लॅटिन येत नव्हतं, रणांगणावर जखमी सैनिकांवर उपचार करून शिकलेला माणूस. बंदुकीच्या जखमांवरचं पुस्तक त्याने १५४५ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं, आणि पुढे १५७५ मध्ये त्याचे सगळे ग्रंथ एकत्र निघाले तेव्हा पॅरिसच्या वैद्यक पीठाने त्याला विरोध केला. हा माणूस लोकांच्या भाषेत लिहितोय आणि सर्जन असून वैद्यांच्या प्रांतात शिरतोय हे त्यांना खुपत होतं. आज त्या पीठातल्या किती जणांची नावं कुणाला आठवतात? तेव्हा 'लॅटिन म्हणजेच अचूक' हा दावा मला पटत नाही, त्यात पूर्वीपासून अधिकाराचा वास आहे. आणि लोकांना कळत नाही हेसुद्धा खरं आहे. लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लोकांना शरीराच्या आकृत्या दाखवून कुठला अवयव नेमका कुठे आहे ते ओळखायला सांगितलं होतं. हृदय, फुफ्फुसं यांच्या जागासुद्धा बऱ्याच जणांना बरोबर ओळखता आल्या नाहीत, आणि १९७० च्या तशाच अभ्यासाच्या तुलनेत फारशी सुधारणा दिसली नाही. मधल्या चाळीस वर्षांत इंटरनेट आलं, तरी ही अवस्था. अशा वाचकाच्या हातात 'पोस्टेरोलॅटरल' असं छापून दिलं तर त्याने काय करावं?

पण हे सगळं मान्य केल्यावर निष्कर्ष कुठला निघतो ते नीट बघायला हवं. शब्द बदलायला हवेत असा निघतो. दिशा मोजायची पद्धत सोडावी असा नाही निघत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला जहाजांचा इतिहास फार उपयोगी आहे. जहाजावर डावं-उजवं म्हणत नाहीत, कारण खलाशी कधी पुढे तोंड करून उभा असतो कधी मागे, त्याचं डावं बदलतं, जहाजाचं बदलत नाही. म्हणून जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड आणि डाव्या बाजूला लारबोर्ड असे शब्द होते. आता वादळात, वाऱ्याच्या घोंघाटात कुणी ओरडून हुकूम दिला तर स्टारबोर्ड आणि लारबोर्ड यातला फरक ऐकू येणार का? नाहीच येत. मग १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने आणि १८४६ मध्ये अमेरिकन नौदलाने लारबोर्ड काढून टाकून 'पोर्ट' हा शब्द सक्तीचा केला. शब्द घातक होता तर शब्द बदलला. पण 'चला, त्यापेक्षा साधं डावं-उजवं म्हणू, प्रत्येकाने आपापल्या हाताचं' असं कुणी म्हटलं नाही, कारण मग जहाज कुठेतरी आदळलं असतं. नदीच्या डाव्या-उजव्या तीराचंही तेच, पाणी ज्या दिशेला वाहतं तिकडे तोंड करून ठरवायचं, तुम्ही कुठल्या काठावर उभे आहात याच्याशी संबंध नाही.

खुद्द शरीरशास्त्राच्या इतिहासातही खरी भांडणं भाषेवरून झालेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी गत होती की एकाच अवयवाला प्रत्येक देशात, प्रत्येक विद्यापीठात वेगळं नाव, सगळी मिळून पन्नास हजारांच्या आसपास नावं वापरात होती आणि खरे भाग त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे. १८९५ मध्ये शरीरशास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला बसून ती यादी पाच-साडेपाच हजारांवर आणली. मग १९३५ ला जर्मनीत येना इथे ती बदलायचा मोठा प्रयत्न झाला. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन पायांवर उभा राहतो म्हणून 'वरचा-खालचा, पुढचा-मागचा' हे शब्द फक्त माणसालाच लागू पडतात, कुत्र्या-घोड्याला लावले की गोंधळ होतो, त्यापेक्षा 'डोक्याकडचा, शेपटीकडचा, पाठीकडचा, पोटाकडचा' म्हणा, म्हणजे सगळ्या प्राण्यांना एकच शब्द चालतील. तर्क चोख होता. तरी १९५५ च्या पॅरिसच्या यादीने माणसासाठी पुन्हा जुनी उभ्या माणसाची पद्धत स्वीकारली, आणि पशुवैद्यकाने डोक्याकडचा-शेपटीकडचा ही पद्धत ठेवली. लक्षात घ्या, दोन्ही याद्या लॅटिनमध्येच होत्या. वाद होता तो कुठल्या स्थितीतल्या शरीरावरून मोजायचं याचा, कारण जाणत्या लोकांना माहीत होतं की चूक तिथे होते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही हे भान होतं. आयुर्वेदात अंगाचं माप त्या-त्या माणसाच्या स्वतःच्या बोटांच्या रुंदीने घ्यायचं सांगितलंय, स्वांगुल म्हणतात त्याला. वैद्याचं बोट नाही, रोग्याचं. माणूस उंच असो बुटका असो, मोजणी त्याच्याच अंगाला बांधलेली राहते. भाषा संस्कृत आहे म्हणून ती पद्धत चांगली असं मी म्हणत नाहीये, मोजायला पेशंटचंच अंग घेतलंय ही गोष्ट चांगली आहे.

दुसरा आक्षेप जास्त बारकाईने विचार करणारे लोक घेतात, आणि तो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. ते म्हणतात की ही 'ठरलेली स्थिती' स्वतःच जागोजागी फाटते. हे खरंच आहे. की-बोर्डवर हात ठेवलेल्या माणसाचे अंगठे एकमेकांकडे, म्हणजे आतल्या बाजूला असतात, आणि शरीरशास्त्र म्हणतं अंगठा बाहेरच्या बाजूला, कारण ते तळवे समोर धरतं. पावलाची वरची बाजू, जिच्यावर चपलेचा पट्टा येतो, तिला 'डॉर्सल' म्हणजे पाठीकडची बाजू म्हणतात, ती पाठीकडे बिलकुल नाही. मेंदूत तर अक्षच वाकतो, मणक्यातल्या मज्जारज्जूमध्ये डॉर्सल म्हणजे मागचं आणि मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागात डॉर्सल म्हणजे वरचं. विद्यार्थी इथे रडकुंडीला येतात, आणि मेंदूची चित्रं काही ठिकाणी डावं-उजवं उलट लावून दाखवायची पद्धत आहे हे त्यात आणखी. मग कशाला धरून बसायचं या स्थितीला?

याचं उत्तर हाताच्या सर्जननी देऊन ठेवलंय. हात सारखा फिरतो हे त्यांना सगळ्यात आधी टोचलं, म्हणून ते आतली-बाहेरची म्हणायच्या ऐवजी 'रेडियल' आणि 'अल्नर' म्हणतात, म्हणजे रेडियस हाडाकडची बाजू आणि अल्ना हाडाकडची बाजू. हात कसाही वळवा, रेडियस अंगठ्याकडेच राहणार आणि अल्ना करंगळीकडेच. बोटांना ते नंबर देत नाहीत, नावं देतात, कारण 'तिसरं बोट' म्हटलं की कुणी अंगठ्यापासून मोजतं कुणी तर्जनीपासून, आणि चुकीच्या बोटावर चाकू चालायला तेवढा घोळ पुरतो. मराठीत अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी ही नावं आधीपासून आहेत आणि ती कुठल्याही लॅटिनइतकीच पक्की आहेत. म्हणजे जिथे ठरलेली स्थिती अपुरी पडली तिथे तज्ज्ञांनी नियम सैल केला नाही, जास्त घट्ट केला, काल्पनिक उभ्या माणसाऐवजी थेट हाडालाच दिशा बांधून टाकली. सोपेपणाची मागणी करणाऱ्यांनी हे उदाहरण उचलायला हवं, कारण 'अंगठ्याकडची बाजू' हे मराठीत म्हणता येतं, शाळेतल्या पोराला कळतं आणि ते पूर्ण अचूक आहे.

नुसतं सोपं केल्याने काय होतं हे दातांवरून छान दिसतं. दातांना तर कठीण नावं पण नाहीत, साधे आकडे आहेत, याहून सोपं काय असणार? जगात बऱ्याच ठिकाणी दोन आकडी पद्धत चालते, पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो आणि दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. त्यात १८ नंबर म्हणजे पेशंटच्या वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. अमेरिकेत १ ते ३२ अशी सरळ मोजणी चालते, त्यात १८ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची, अक्कलदाढेच्या अलीकडची दाढ. एका पद्धतीचा कागद दुसऱ्या पद्धतीच्या खुर्चीशेजारी वाचला आणि 'नंबर १८ काढा' असं नुसतं लिहिलेलं असलं, तर तोंडाच्या बरोबर विरुद्ध टोकाची चांगली दाढ जाऊ शकते. आकडा दोन्हीकडे तोच आणि वाचायला पोरखेळ, फक्त कुठून मोजायचं हे लिहिलेलं नाही.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की हे शब्द एवढे अचूक आहेत तर मग चुकीच्या बाजूची ऑपरेशनं होतात कशी? होतात, हे नाकारता येणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका माणसाचा चुकीचा पाय कापला गेला आणि ती बातमी जगभर गेली, त्यानंतर या विषयावर खूप काम झालं. तिथे भाषा कठीण होती म्हणून चूक झाली नव्हती, पण नुसत्या चांगल्या शब्दांनी चूक टळते असंही नाही, एवढं मी मान्य करतो. उपाय मात्र काय निघाला ते बघा. कॅनडाच्या ऑर्थोपेडिक सर्जनांनी १९९४ पासूनच सांगायला सुरुवात केली होती की ऑपरेशनच्या आधी, पेशंट जागा असताना, जिथे कापायचं तिथे त्याच्या कातडीवर पेनाने आपली सही करा आणि त्या सहीतूनच चाकू चालवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एकोणीस मुद्द्यांची यादी आणली, त्यातही जागेवर खूण केलीये का हा प्रश्न आहे. म्हणजे कागदावरच्या शब्दावर भरवसा पुरेना तेव्हा दिशा थेट पेशंटच्या अंगावर लिहिली. ज्या नियमाबद्दल मी बोलतोय तोच नियम, अजून कडक करून.

आता सोपं करून देणाऱ्या ॲप्सबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. रिपोर्ट टाकला की चार ओळींत सोपं करून मिळतं, लोक खूश होतात, मला त्यांची गरज कळते. पण मणक्याच्या एमआरआयमध्ये लिहिलेलं असतं की एल ४ आणि एल ५ या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी डावीकडे, मध्यरेषेच्या लगत बाहेर आलीये. सोप्या भाषेत त्याचं होतं 'कमरेच्या मणक्यातली गादी थोडी सरकलीये'. वाचायला छान. पण ती गादी मध्यरेषेच्या लगत बाहेर आली तर सहसा खाली जाणारी एल ५ची नस दाबली जाते, आणि मग मुंग्या, बधिरपणा पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे येतो. तीच गादी अजून बाहेरच्या बाजूला, नस जिथून बाहेर पडते तिथे आली तर वरची एल ४ची नस दाबली जाते आणि दुखणं गुडघ्याकडे, नडगीच्या आतल्या बाजूला जातं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक, आणि नस वेगळी, दुखणं वेगळं, सर्जनची वाट वेगळी. सोपं करताना उडालं ते नेमकं हेच. आजाराचं नाव राहिलं आणि पत्ता गेला.

किंवा मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटंसं हाड घ्या, अंगठ्याच्या बाजूला असतं. हातावर पडलं की ते मोडतं. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि मग मागे कोपराकडच्या टोकाकडे जातं. त्यामुळे बोटांकडच्या टोकाला मोडलं तर सहसा जुळून येतं, कोपराकडच्या टोकाला मोडलं तर त्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, हाड जुळायला फार वेळ लागतो, कधी तुकडा मरतोसुद्धा. रिपोर्टमध्ये हा फरक फक्त 'डिस्टल' (बोटांकडचं) आणि 'प्रॉक्सिमल' (कोपराकडचं) या दोन शब्दांत असतो. 'मनगटाचं हाड मोडलंय' असं सोपं केलं तर पेशंटला वाटणार शेजारच्याचं सहा आठवड्यांत बरं झालं मग माझं का नाही. पण 'मनगटाच्या लहान हाडाचं कोपराकडचं टोक मोडलंय' असं लिहायला काय हरकत आहे? मराठीत लिहिलंय, लॅटिन एक अक्षर नाही, आणि सगळं त्यात आहे.

म्हणून भागांच्या नावांबद्दल मी पूर्णपणे सोप्या भाषेच्या बाजूने आहे. दंड, कोपर, मनगट, पंजा, जांघ, मांडी, नडगी, पोटरी, घोटा, टाच, बेंबी, बरगडी, एवढी बारीक नावं असताना आपण 'हात दुखतोय', 'पाय दुखतोय' यावरच थांबतो हा आपला आळस आहे, भाषेची गरिबी नाही. पोटाचंही तसंच. डॉक्टर पोटावर दोन उभ्या दोन आडव्या रेषा कल्पून नऊ भाग करतात, किंवा बेंबीतून एक उभी एक आडवी रेष काढून चार. पेशंटला त्यांची नावं यायची गरज नाही. पण 'आधी बेंबीभोवती दुखत होतं, आता माझ्या उजव्या बाजूला खाली सरकलंय' एवढं एक वाक्य त्याने सांगितलं तर डॉक्टरला अपेंडिक्सची शंका लगेच येते, आणि 'पोटात दुखतंय' एवढंच सांगितलं तर प्रश्नोत्तरात वेळ जातो. इथे पेशंटने वापरलेला एकही शब्द शास्त्रीय नाही, फक्त त्याने कुठून मोजायचं ते पाळलंय.

डॉक्टर लोकांनाही आपलं घर साफ करायला लागेल, कारण लारबोर्डसारखे शब्द त्यांच्याकडे अजून आहेत. हात-पाय मध्यरेषेपासून दूर नेणं म्हणजे 'ॲब्डक्शन' आणि जवळ आणणं म्हणजे 'ॲडक्शन', दोन्ही नेमके उलटे आणि ऐकायला इतके सारखे की शिकवताना 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असं फोडून म्हणायला लागतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग 'इलियम' आणि कमरेचं हाडही 'इलियम', स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, उच्चारात काहीच नाही. नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या नसेला 'पेरोनियल' म्हणायचे, त्याची जांघेमधल्या 'पेरिनियल'शी गल्लत व्हायची, म्हणून १९९८ च्या आंतरराष्ट्रीय यादीत 'फिब्युलर' हे नाव पुढे केलं, तरी जुना शब्द अजून सर्रास चालतो. आणि अवयवांना दिलेली माणसांची नावं तर १९५५ च्या पॅरिसच्या यादीनेच वगळली होती, कित्येक दशकं उलटून गेली तरी ती नावं तोंडातून जात नाहीत. शोध लावणाऱ्याचा मान राहावा हे मला समजतं, पण माणसाच्या नावावरून तो अवयव कुठे आहे हे कुणालाच कळत नाही, विद्यार्थ्यालाही नाही. जे डॉक्टर 'शास्त्राची भाषा अचूक असते' म्हणतात त्यांनी आधी ही नावं सोडून दाखवावीत, मग त्यांचं म्हणणं लोक जास्त ऐकतील.

राहता राहिला प्रश्न की सामान्य माणसाने हे सगळं शिकायचं का. सगळं नाही, पण ठरलेली स्थिती, पेशंटचं डावं-उजवं, मध्यरेषेकडे की मध्यरेषेपासून लांब, धडाकडे की टोकाकडे, कातडीलगत की खोल, पुढच्या अंगाला की पाठीच्या अंगाला, एवढं तर सहावी-सातवीच्या मुलाला एका तासात येईल. शाळेत आपण नकाशाच्या दिशा शिकवतो, उत्तर वर असते हे पाठ करून घेतो, आणि स्वतःच्या अंगाचा नकाशा कसा वाचायचा हे शिकवत नाही, ते का? मोठ्यांसाठी तर याहून सोपं आहे. प्रत्येक रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात उभ्या माणसाची एक छोटी आकृती छापायची, समोरून एक आणि मागून एक, त्यावर 'तुमचा उजवा' आणि 'तुमचा डावा' असं लिहायचं, आणि दोष जिथे आहे तिथे ठिपका द्यायचा. खाली सर्जनसाठी हवं ते लॅटिन राहू दे. कागद वाढेल, रेडिओलॉजिस्टचा दर रिपोर्टमागे अर्धा मिनिट जास्त जाईल अशी तक्रार येईल, आणि दिवसाला शंभर रिपोर्ट करणाऱ्यासाठी ती तक्रार खरी आहे. पण तो ठिपका देताना त्याला स्वतःलाही एकदा थांबून बघावं लागेल की वर आपण लिहिलेली बाजू आणि हा ठिपका जुळतोय की नाही, आणि रिपोर्टमध्ये एका ठिकाणी डावा आणि दुसऱ्या ठिकाणी उजवा असं जे लिहिलं जातं ते तिथल्या तिथे सापडेल.